बोटावरचे अठ्ठ्याण्णव

रक्त त्याचं स्वतःचंच होतं, म्हणून आकड्याकडे त्याने जरा उशिराच पाहिलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर कागद मशीनच्या तोंडातून अर्धा बाहेर येईपर्यंत त्याची नजर शेवटच्या ओळीवर जाऊन परतलीही असती; सोळा वर्षं तो रुग्णालयातल्या ह्याच खोलीत बसून लोकांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजत होता. पण आजचा कार्यक्रम गमतीचा होता. कंपनीचा माणूस नवं मशीन दाखवायला आला होता, गळ्यात टाय, कपाळावर घाम, आणि नमुन्याला कुणाचं तरी रक्त हवं म्हणाला. खोलीच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे नुसतंच मॅडम म्हणत. त्या ह्याच्याकडे हनुवटी करून म्हणाल्या, "ह्यांचं घ्या. लोकांचं काढून काढून ह्यांच्याकडे बरंच साठलंय." सगळे हसले, तोही हसला, बाही वर केली, आणि आता कागद हातात आल्यावर तो वरच्या ओळी कौतुकाने वाचत होता. जुनं मशीन ऑक्सिजनचा दाब मोजायचं आणि हिमोग्लोबिन किती भरलेलं असेल याचा त्यावरून अंदाज बांधायचं. हे नवं मशीन रक्ताच्या पेशी फोडून, त्यांतून निरनिराळ्या रंगांचा प्रकाश सोडून, हिमोग्लोबिन कशाने भरलंय तेही बघायचं. सगळ्यांत खालची ओळ त्यासाठीच होती. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन, सहा पूर्णांक आठ टक्के.

"सिगारेटी बऱ्याच दिसतात साहेबांच्या," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मी ओढत नाही."

"घरी कुणी?"

"कुणी नाही. मी आणि बायको." बायको हा शब्द उच्चारल्यावर त्याला काहीतरी खटकलं. काय ते त्याला लगेच कळलं नाही, किंवा कळलं आणि त्याने ते बाजूला सारलं. "परत करू," तो म्हणाला. खोलीतली माणसं पुन्हा हसली. कारण त्याचं ह्या खोलीतलं नावच 'दोनदा' होतं. कुठलाही विचित्र आकडा तो दोनदा केल्याशिवाय वर पाठवत नसे. अतिदक्षता विभागातून फोनवर फोन येत असले, पलीकडचा डॉक्टर दातओठ खात असला, तरी ह्याचं एकच, थांबा, पुन्हा करतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन खोटाच चांगला दिसतो. नमुना टेबलावर पडून राहिला तर उलटं होतं, कारण शरीराबाहेर काढलेलं रक्तही श्वास घ्यायचं थांबत नाही, नळीतल्या नळीत स्वतःचाच ऑक्सिजन खात बसतं. ह्या सगळ्या खोडी त्याला तोंडपाठ होत्या, आणि आकड्याला दोनदा विचारल्याशिवाय त्यावर विश्वास टाकायचा नाही हा त्याचा धर्मच होता. त्याने दुसऱ्या हाताचं रक्त काढून दिलं. मग, मशीनच खोटं बोलत असेल तर कळावं म्हणून, कंपनीच्या माणसाचंही काढलं. तो बिचारा स्वतःच्या मशीनला घाबरत बाही वर करून बसला. त्याचा आकडा आला शून्य पूर्णांक नऊ. ह्याचा दुसऱ्यांदा आला सहा पूर्णांक सात.

ह्यात अकरा मिनिटं गेली. नंतर त्याने ती पुष्कळदा मोजली. त्या अकरा मिनिटांत त्याने एक गोष्ट करायला हवी होती आणि ती केली नव्हती. मशीन घरघरत असताना तो नुसता उभा होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे सकाळ येत होती, बोलावली नसतानाही. सकाळी सात वाजता आंघोळ करून तो बाहेर आला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, तळहातावर कपाळ टेकून, गरम पाण्याचा नळ भांड्यांवर सोडलेला तसाच. "आज पुन्हा," ती म्हणाली. त्याने कपाटावरची, ऑक्सिजन मोजायची बोटाची क्लिप घेतली, रुग्णालयातून बाद झालेली पण त्याने स्वतः तपासून ठीक केलेली, आणि तिच्या बोटाला लावली. लाल उजेड तिच्या नखातून दिसला. आकडा वरखाली होऊन स्थिरावला. अठ्ठ्याण्णव. त्याने तिचा हात हळूच फिरवून आकडा तिच्याकडे केला. एक शब्द बोलला नाही. न बोलण्यात त्याला त्या वेळी आपला समजूतदारपणा दिसला होता. तिने क्लिप काढून टेबलावर ठेवली. "अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. "वर्गात पहिली आले असेन." मग तिने कुणाला तरी फोन करून आजची मुद्रितं उद्या देते म्हणून सांगितलं. ती घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची, दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका काढायची. अलीकडे तिच्या हातून चुका सुटायला लागल्या होत्या, आणि छापखान्याच्या मालकाने गेल्या महिन्यात तसं नरमाईने ऐकवलंही होतं. तेव्हा तो तिला म्हणाला होता, लक्ष नाही तुझं. दुसरं काय म्हणणार? डोळे चांगले, चष्मा नवा, बोटावर अठ्ठ्याण्णव.

क्लिपमध्ये दोनच दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. रक्त किती लाल आहे एवढंच त्या क्लिपला कळतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल, आणि कार्बन मोनॉक्साइडने धरलेलं हिमोग्लोबिनही तितकंच लाल. क्लिप बिचारी दोघांना एकच समजते आणि अठ्ठ्याण्णव म्हणून मोकळी होते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? नव्या मुलांना तोच शिकवायचा. जळालेल्या घरातून आणलेल्या माणसाला क्लिप लावून चांगला आकडा दिसला तर भुलू नका, रक्त काढा. त्याला शिकवणारे मास्तर, आता थकून घरी बसलेले, एक गोष्ट सांगायचे. शरीराला ऑक्सिजन कमी पडतो तो चार तऱ्हांनी, म्हणायचे. बाहेरूनच माल येत नाही. किंवा माल आहे पण वाहायला गाड्या नाहीत. किंवा गाड्या आहेत पण रस्ता तुंबलाय. किंवा माल दारात पोचलाय आणि घरातला माणूस कडी काढत नाही. आणि मग हात वर करून म्हणायचे, आणि एक चोरटी तऱ्हा असते, गाड्या आहेत, रस्ता मोकळा आहे, पण गाडीत भलताच कुणी आधीच बसलाय आणि काही केल्या उतरत नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी घट्ट धरून बसतो तो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, गाड्या भरून चालल्यात. वर्गात सगळे हसायचे. त्यानेही हसून वहीत उतरवून घेतलं होतं, सुवाच्य अक्षरात, चोरट्या तऱ्हेच्या खाली लाल रेघ मारून. ती वही त्याच्याकडे अजून होती. ज्ञान असं वहीत असतं, आणि बायको स्वयंपाकघरात असते.

दुसरा कागद हातात आला तसा त्याने घरी बायकोला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती उचलत नव्हती, आणि उचलणार नव्हती यात नवल नव्हतं, सकाळच्या प्रकारानंतर त्यानेही उचलला नसता. पण घरी राहिली की ती उशिरा न्हायची, केस धुवायची, दार लावून अर्धाअर्धा तास गरम पाणी घेत बसायची. डोक्याला बरं वाटतं म्हणायची. गरम पाण्याने बरं वाटतं! बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता. तो कागद धरून व्हरांड्यात आला. समोर चाकाच्या खुर्चीवर कुणीतरी नाकाला नळ्या लावून चाललं होतं, मागे नातेवाईक छातीशी फायली धरून. समोरच्या घरातल्या बाईंचा नंबर त्याच्याकडे होता, निवृत्त शिक्षिका, पहाटेपासून रात्रीपर्यंत जिन्यावर कुणाचा पाय वाजला ते जाणणाऱ्या. नंबर लावायच्या आधी तो क्षणभर थांबला. काय सांगायचं? बाथरूमचं दार फोडा म्हणून? आणि ती नुसती केस पुसत बाहेर आली तर? चार घरं गोळा होतील, चर्चा होईल, रुग्णालयातल्या साहेबांना भीती वाटली म्हणे. जीव जायची वेळ आणि ह्याला हसं होण्याची काळजी. तो क्षण अगदी लहान होता, कुणी पाहिलाही नसेल. पण तो स्वतः तिथे होता.

"बाई, मी बोलतोय, समोरचा. जरा आमचं दार वाजवता का? जोरात. आणि उघडलं नाही तर..."

"कशाला वाजवू? कुलूप आहे तुमच्या दाराला," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात आणि पाठोपाठ तीही गेली. पिशवी होती हातात, मोठी. मी विचारलं, कुठे गं? तर म्हणाली, ताईकडे. चेहरा काही बरा नव्हता हो तिचा. भांडलात की काय?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे, हो. आभारी आहे, बाई."

भिंतीला टेकून त्याने श्वास सोडला. ती जिवंत होती, पिशवी उचलून जिना उतरण्याइतकी जिवंत. आणि त्या सुटकेच्या पाठोपाठ, लाज वाटावी इतक्या पटकन, त्याला राग आला. न सांगता गेली. मोठी पिशवी घेऊन गेली. हा राग कुठून आला, इतक्या भीतीच्या मधून त्याला वाट तरी कशी सापडली, हे त्याचं त्यालाच कळेना. माणसाच्या आत हे सगळे शेजारीशेजारीच राहत असावेत, एकाने दार उघडलं की दुसरा डोकावतो. त्याने ताईला फोन लावला. बायकोची ही थोरली बहीण दोन बसथांबे पलीकडे राहायची, शिवणकाम करायची, आणि बोलण्यातही कात्री चालवायची.

"आहे इथे," ताई म्हणाल्या. "झोपलीये. आणि मी काही तिला उठवणार नाही, जावईबापू, आधीच सांगते."

"उठवा."

"अहो, आताच डोळा लागलाय."

"ताई, उठवा तिला! हलवून उठवा, बोलायला लावा." त्याचा आवाज व्हरांड्यात घुमला, दोन परिचारिकांनी वळून पाहिलं. पलीकडे ताई गेल्या. पावलं, कुजबुज, खाटेचा आवाज. तो कान चिकटवून उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदाच जाणवलं, की बायकोचा आवाज ऐकण्यासाठी तो कित्येक महिन्यांत असा थांबला नव्हता.

"उठली," ताई आल्या. "म्हणते, झोपूही देत नाही का माणूस."

"डोकं दुखतंय का विचारा."

"नाही म्हणते. इथे आली की दुखत नाही तिचं. ते तुम्हीच तर सांगत असता सगळ्यांना."

सांगत असे, हे खरं होतं. ताईकडे गेली की डोकं बरं बाई राहतं, हे वाक्य त्याने गेल्या तीन महिन्यांत किती जणांपुढे टाकलं असेल! हसत हसत, कोपरखळी मारल्यासारखं. ताईकडे दोन दिवस राहिली की ती ताजीतवानी होऊन यायची, घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा कपाळ तळहातावर. त्याने यातून सरळ अर्थ काढला होता, की तिला हे घर नकोय. घर म्हणजे तो. त्याने मनातल्या मनात स्वतःला बिचारा ठरवलं होतं, नकोसा झालेला नवरा, आणि त्या बिचारेपणात एक ऊबही होती. शहाण्या माणसाने तीच दोन वाक्यं, घरी दुखतं आणि बाहेर दुखत नाही, एकाखाली एक लिहिली असती तर घराच्या हवेत काय आहे ते आधी पाहिलं असतं. पण शहाणा माणूस रुग्णालयात असायचा, घरी नवरा असायचा.

मॅडमनी कागद पाहून चष्मा काढला. "गीझर गॅसचा आहे?" त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली. "आणि बायकोला कधीपासून...?" त्याने हात पुढे करून कागद परत घेतला. त्यांनी पुढे ओढलं नाही. "घेऊन या तिला. नाहीतर निदान रक्त आणा, शिरेतलं चालेल. आणि तुम्हीसुद्धा जरा वेळ मास्क लावून ऑक्सिजन घ्या आधी." "नंतर घेतो," तो म्हणाला. खिशात सुई, नळी, कापूस टाकून तो निघाला. वाटेत आधी घर लागत होतं. ती सुखरूप आहे हे कळलेलं होतं, म्हणून आधी घरी जाऊन गीझर बंद करावा, असं त्याने ठरवलं. निदान टॅक्सीत बसताना स्वतःला त्याने तसं सांगितलं. खरं म्हणजे तिच्यापुढे उभं राहायची वेळ त्याला थोडी पुढे ढकलायची होती.

घरात कसलाही वास नव्हता. हेच त्याला भयंकर वाटलं. वास नाही, धूर नाही, सगळं जागच्या जागी, टेबलावर क्लिप, पालथे घातलेले दोन कप. तीन महिने ज्या हवेने तिला हळूहळू बुडवलं ती हवा आपली शहाण्यासारखी गप्प बसली होती. त्याने नाक धरल्यासारखं श्वास रोखून बाथरूम गाठलं. गीझरची ज्योत निळी असते. ह्याची पिवळी झाली होती हे त्याने पाहिलं होतं, आणि रंग छान दिसतो असंच काहीतरी त्याला वाटलं होतं. वर खिडकीच्या काचपट्ट्यांवर जाड प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं, चारही बाजूंनी चिकटपट्टी, कोपऱ्यांत दुहेरी, कुठे एक सुरकुती नाही. शेजारच्या जागेवर बांधकाम सुरू झालं, घरात धूळ यायला लागली, तेव्हा एका रविवारी स्टुलावर चढून त्याने हे काम केलं होतं. ती खालून स्टूल धरून उभी होती. "जरा फट ठेव," ती म्हणाली होती, "कोंदट होईल." आणि तो वरून म्हणाला होता, "फट ठेवायची तर लावायचंच कशाला?" कामात तो असा पक्का. त्याने आता एका हाताने प्लास्टिक ओढलं. ते लवकर निघेना. नखं घालून, दात लावून त्याने ते फाडलं, आणि बाहेरून धुळीचा, सिमेंटचा, गरम हवेचा झोत तोंडावर आला. गीझरची तोटी बंद केली. सगळ्या खिडक्या उघडल्या. मग खुर्चीत बसला, तर समोर तिच्या मुद्रितांचा गठ्ठा, आणि त्याखाली तो कागद.

तो त्याच्या ओळखीचा होता. महिन्यापूर्वी तिने तो त्याच्यापुढे धरला होता, मोठ्या आशेने. दुसऱ्यांच्या चुका टिपणाऱ्या तिच्या बारीक पेन्सिलीने उभ्या रेघा आखलेल्या: वार, वेळ, किती दुखलं. 'सोमवार, सकाळी आठ, खूप. मंगळवार, अकरा, मळमळ, अक्षरं हलतात. शनिवार, ताईकडे, नाही. रविवार, ताईकडे, नाही. सोमवार, नऊ, खूप.' त्याने वरून खाली नजर फिरवली होती आणि आपल्या व्यवसायाला शोभेल असा विनोद केला होता. "मोजलंस खरं, पण एकक काय? दुखणं कशात मोजतात, किलोत की लिटरमध्ये?" ती हसलीही होती थोडी. मग म्हणाली होती, "तू एवढी वर्षं मोजतोस, मला वाटलं तुला यातून काही दिसेल." आता दिसत होतं. असा स्वच्छ, असा सुसंगत पुरावा त्याच्या खोलीतल्या कुठल्याही मशीनने कधी छापला नसेल. त्यात बुडबुडा नव्हता, पडून राहिलेला नमुना नव्हता, तीन महिने सलग, त्याला दाखवल्यानंतरही, पुन्हा पुन्हा केलेली मोजणी होती. दोनदा नव्हे, पन्नास वेळा. कागद घडी करून खिशात घालावा असं त्याला वाटलं. पण तो तिचा होता, त्यावर त्याचा हक्क नव्हता. त्याने तो होता तिथे ठेवला.

टॅक्सी सिग्नलला अडली तसा तो घड्याळाकडे पाहू लागला. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निघून जातो, चार-पाच तासांत निम्मा. ती साडेआठला निघाली असेल, आता बारा वाजत आले होते. तिच्या प्रत्येक श्वासागणिक आकडा उतरत होता. लवकर पोचायला हवं. ड्रायव्हरला त्याने दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगितलं, आणि मग त्याला आपली घाई कशाची आहे ते लख्ख दिसलं. आकडा उतरतोय म्हणजे ती बरी होतेय. आणि तो धावत होता तो आकडा उतरायच्या आत पकडायला. वीस टक्के सापडले असते तर त्याला मनातून बरं वाटलं असतं. मोठी चूक मोठ्या आकड्याने सजली असती, दाखवायला काहीतरी हाताशी आलं असतं. त्याने खिडकीची काच खाली केली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, एसी चालू आहे." "असू दे," तो म्हणाला. काय बोलायचं ते तो मनात जुळवू लागला. गीझरचा वायू साठत होता. हवा खेळती नव्हती. वाक्यं नेटकी होत होती, आणि एकाही वाक्यात तो स्वतः नव्हता.

ताईंचं घर म्हणजे एक मोठी खोली, सगळ्या खिडक्या सताड उघड्या, जमिनीवर चिंध्या आणि दोऱ्याचे तुकडे. बायको कापड बेतायच्या टेबलाशी बसून कुणाच्या तरी झग्याची शिलाई उसवत होती. तिने वर पाहिलं नाही. ताईंनी पाणी दिलं. त्याने ते न पिता हातात धरून ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, आधी मशीनचं, मग स्वतःच्या रक्ताचं, मग गीझरचं. जुळवलेली वाक्यं मध्येच संपली. "प्लास्टिक मी लावलं होतं," तो म्हणाला. "ज्योत पिवळी झालेली मी पाहिली होती. आणि त्या क्लिपला हे कळत नाही, हेही मला ठाऊक होतं."

तिचा हात थांबला. "म्हणजे मला खरंच काहीतरी होत होतं?"

"हो."

"कुठे? रक्तात?"

"रक्तात."

तिने बहिणीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळत गेला. तो कसल्याही रागाला तयार होऊन आला होता, शिव्यांना, रडण्याला. ह्याला तयार नव्हता. "ताई, ऐकलंस का?" ती उठली, मांडीवरचा झगा खाली पडला. "रक्तात होतं! अगं, मला विष चढत होतं खरंच! मी म्हणत नव्हते तुला?" तिने ताईंचे दोन्ही खांदे धरले आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, लहान मुलीसारखी, गालावरून हात फिरवत. "मला वाटायचं मी नाटकी आहे. दुपारी पडल्यापडल्या शोधायचे, मी नेमकी कुठे खोटं बोलते ते. ह्याच्याबरोबर राहायचं नाही आणि बोलायची हिंमत नाही, म्हणून मीच डोकं दुखवून घेते, असं ठरवलं होतं मी माझ्याबद्दल. आज पिशवी भरली ती त्याचसाठी. म्हटलं, राहायचंच नाहीये तर निदान खरं वागावं." आणि ती पुन्हा हसली. विष होतं, म्हणून तिला आनंद झाला होता. एवढी खूश त्याने तिला लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिली होती, आणि हे सुख तिला देणारा तोच होता. तो खाली बसला.

ताई मात्र हसल्या नाहीत. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीचं काही बरंवाईट झालं असतं तर मी तुम्हाला सोडलं नसतं." हे त्याला बरं वाटलं. निदान हे त्याच्या हिशेबातलं होतं.

"तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं, आजच," तो म्हणाला. "आणि त्याआधी थोडं रक्त काढू दे मला." त्याने खिशातून नळी आणि सुई काढली, कापूस काढला. "वेळ जातोय तसं ते निघून जातं."

"मग चांगलंच की," बायको म्हणाली.

"हो. पण आकडा सापडायला हवा."

तिने बाही वर केली होती, सवयीने. त्याच्यासमोर हात पुढे करायची तिला सवयच होती. कोपराच्या खोबणीतली शीर त्याने अंगठ्याने चाचपली. मग ती एकदम म्हणाली, "आज ते मशीन आलं नसतं तर?"

म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. कधीतरी लक्षात आलंच असतं. मीच विचार करत होतो. मला शंका येत होती. ह्यातलं काहीही चाललं असतं, ती आज इतकी खूश होती की तिने ते मानलंही असतं. "संध्याकाळी घरी आलो असतो," तो म्हणाला. "तू नाहीस म्हणून चिडलो असतो."

"आणि मी परत आल्यावर?"

"क्लिप लावली असती."

तिने मान हलवली. रागाने नाही, एखाद्या ओळीतली चूक सापडल्यावर हलवावी तशी. मग हात त्याच्या बोटांतून काढून घेतला आणि बाही मनगटापर्यंत खाली ओढली. "मी ताईबरोबर जाते. हिच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे."

"त्यांच्याकडे हे मशीन नसणार. त्यांना कळणार नाही."

"नसू दे. ते आधी विचारतात, काय होतंय म्हणून."

"अगं, पण मी आलोय ना न्यायला."

"तू नको," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू कागदावर लिहून दे काय झालं ते. मी दाखवेन त्यांना."

त्याने लिहून दिलं. वायूचं नाव, तीन महिने, गॅसचा गीझर, बंद खिडकी, ऑक्सिजन लगेच सुरू करावा. आकड्याच्या जागी काही लिहिता आलं नाही. तिने ते उभ्याउभ्या वाचलं, पेन्सिल घेऊन एका शब्दातली वेलांटी दुरुस्त केली आणि कागद ताईंच्या पर्समध्ये घातला. ताईंनी चपला काढून दिल्या. "घरची किल्ली दे," तो म्हणाला, "मी गीझर काढून टाकतो आज." "तुझ्याकडे आहे ना तुझी," ती म्हणाली, आणि दोघी गेल्या. मोठी पिशवी खाटेखाली होती तशीच होती. जिन्यावरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, तिचंच जास्त. ती ताईंना पहिल्या दिवसापासून सांगत होती, कधी दुखायचं, कुठून सुरू व्हायचं, डोळ्यांच्या मागे कसं भरून यायचं. मध्येमध्ये ताई विचारत होत्या, आणि मग? तो टेबलावरची सुई, नळी, कापूस गोळा करत बसला. आवाज खाली गेला, रस्त्याच्या आवाजात मिसळला. मग त्याच्या लक्षात आलं, आपलंही डोकं दुखतंय. चांगलंच दुखतंय, आणि हे काही आजचं नाही. त्याने वर पाहिलं. हे सांगायला खोलीत कुणी नव्हतं.